संमतीवरचं पत्र

३ फेब्रुवारी

चि. खारूस,

अ. आ. तुझा संघराज्यावरचा प्रश्न पोचला. घड्याळ समोर ठेवून छत्तीस मिनिटांत उत्तर लिहिलंय. मध्ये तुझी आत्या दोनदा डोकावून गेली. एवढं लांबलचक कुणाला लिहितोस म्हणाली. मी म्हटलं, लेकीला केंद्र आणि राज्य यांच्यातले अधिकार समजावून सांगतोय. ती म्हणाली, तिला ते येतं, त्याचाच तिला पगार मिळतो. तुझ्या आत्यापुढे हात टेकले.

उत्तर असं. केंद्राच्या यादीतले विषय केंद्राचे, राज्याच्या यादीतले राज्याचे आणि समवर्ती यादीतले दोघांचे. आमच्या पाणी खात्यात मोठ्या टाकीची चावी वरच्या ऑफिसकडे असायची, गल्लीतल्या व्हॉल्व्हची चावी माझ्याकडे. चार-पाच व्हॉल्व्ह मात्र असे होते की त्यांची चावी दोघांकडेही होती. दोघांनी उलटसुलट फिरवलं तर शेवटी वरच्या ऑफिसचंच चालायचं. समवर्ती यादीत तसंच आहे. जे कुठल्याच यादीत नाही ते केंद्राकडे जातं. आमच्याकडे जे कुठल्याच कागदावर नसायचं ते माझ्याकडे यायचं, एवढाच फरक.

तेहतीस वर्षं पाणीपुरवठ्यात व्हॉल्व्ह उघडले नि बंद केले. आता त्रेसष्टाव्या वर्षी कळतंय की तेव्हाही मी राज्यशास्त्रच करत होतो, फक्त कुणी मार्क देत नव्हतं. एप्रिलमध्ये दोन पेपर राहिलेत, भारतीय शासन आणि राजकारण हा एक आणि राजकीय सिद्धांत हा दुसरा. ते सुटले की पदवीधर. खालच्या मजल्यावरचा शिंपी आत्ताच मला प्रोफेसर म्हणायला लागलाय. त्याला थांबवलेलं नाही.

लोभ चालू ठेव, दाब कमी होऊ देऊ नकोस.

तुझा विद्यार्थी आणि बाबा


९ फेब्रुवारी

ती. बाबांस,

सा. न. वि. वि. दहापैकी साडेसहा. रागावू नका. तुमचे व्हॉल्व्ह मला आवडतात, पण परीक्षकाला आधी मुद्दा लागतो. राज्यांची संमती न घेता त्यांच्या सीमा बदलता येतात, हे तुम्ही साफ विसरलात. ते नसेल तर उत्तर अर्धंच राहतं. आणि पाण्याच्या टाकीची आकृती काढायची नाही. हा भूगोलाचा पेपर नाही.

अक्षर मात्र सुधारलंय. पहिल्या वर्षी तुम्ही तीन पानं कोरी सोडून उठला होतात, आठवतं? शब्द सुचत नाहीत म्हणालात. तेव्हा मी सांगितलं की समोर परीक्षक आहे हे विसरा आणि मला पत्र लिहिताय असं समजून लिहा. तीच युक्ती चालू ठेवा. फोनवर उत्तरं लिहिता येत नाहीत.

माझं बरं आहे. दिवसाला चार तास आणि स्टाफरूममध्ये माझी खुर्ची खिडकीच्या उन्हात. प्रबंधाची तोंडी परीक्षा दहा जूनला ठरली आहे. तुमची परीक्षा आमच्याच विद्यापीठाची, म्हणून या वर्षी तुमच्या पेपरांची तपासणी मी लेखी नाकारली आहे. कुणाला बोलायला जागा नको.

पुढचा प्रश्न : लोकांना न विचारता चालवलेलं शासन त्यांच्या भल्यासाठी असलं तरी योग्य ठरतं का? कारणं आणि उदाहरण द्या. तीन वर्षं हा प्रश्न येतोय, म्हणून दिला आहे. दुसरं काही कारण नाही.

प्रकृतीला जपा, आत्याशी भांडू नका, आणि लोभ आहे तसा राहू द्या.

आपली
खारू


२२ फेब्रुवारी

चि. खारूस,

अ. आ. तुझा संमतीवरचा प्रश्न पोचला. या वेळी छत्तीस मिनिटांत झालं नाही, आठ दिवस लागले. त्याचे मार्क कापलेस तरी तक्रार नाही.

शासनाला अधिकार लोकांनी दिलेला असतो, तो वरून पडलेला नसतो, असं एक मत आहे. मग प्रश्न येतो की लोकांनी तो दिला कधी. त्यावर उत्तर देतात की रस्त्यानं चाललात, नळाचं पाणी प्यायलात, म्हणजे गुपचूप होच म्हटलंत. हे मला पटत नाही. नळाचं पाणी प्यायलेल्या माणसानं आमच्या खात्याच्या सगळ्या नियमांना हो म्हटलेलं नसतं. त्याला तहान लागलेली असते.

दुसरं मत असं की राज्यकर्त्याला जास्त कळतं, म्हणून भलं साधत असेल तर विचारायची गरज नाही. हे मत फार सोयीचं आहे. ज्याच्या हातात चावी असते त्याला ते लगेच पटतं.

उदाहरण. एका घरात आई आजारी पडली. मुलगी परगावी शेवटच्या वर्षाची परीक्षा देत होती. बापानं ठरवलं की मुलीला कळवायचं नाही, वर्ष वाया जाईल. घरातल्या सगळ्यांना त्यानं तशी ताकीद दिली. ज्या दोघींचा प्रश्न होता त्या दोघींना मात्र विचारलं नाही. मुलीच्या शेवटच्या पेपरच्या दोन दिवस आधी आई गेली. मुलगी पेपर देऊन आली तेव्हा घरातली खाट उचललेली होती. बापाचा हेतू चांगला होता. सहा वर्षं तो हेतूच सांगत बसला. हेतू चांगला असणं आणि अधिकार असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्याला तू पाठवलेल्या पुस्तकाचं चौथं प्रकरण वाचेपर्यंत कळलं नाही. त्याचं चुकलं. म्हणून असं शासन योग्य ठरत नाही.

उत्तर लांबलं. यात खाडाखोड आहे, पण पुन्हा उतरवून काढणं माझ्याच्यानं झालं नाही.

लोभ असेल तेवढा असू दे.

बाबा


१ मार्च

ती. बाबांस,

सा. न. वि. वि. दहापैकी आठ. दोन्ही मतं नीट मांडली आहेत. नळाच्या पाण्याचा मुद्दा चांगला आहे, पेपरात जरूर घ्या. उदाहरण योग्य आहे.

इथे पूर्वपरीक्षेचे गठ्ठे आलेत, त्यामुळे थोडक्यात लिहिते. पुढचा प्रश्न मूलभूत हक्क आणि मार्गदर्शक तत्त्वं यांतल्या फरकावर. एक कोर्टात मागता येतं, दुसरं येत नाही, इथून सुरुवात करा.

लोभ आहेच.

खारू


१६ एप्रिल

चि. खारूस,

अ. आ. झाले एकदाचे पेपर! भारतीय शासनाचा बरा गेला. राज्यपालावर दीड पान लिहिलं, आणि आकृती काढली नाही. राजकीय सिद्धांताला तर पेन थांबलंच नाही. चौथा प्रश्न संमतीचाच. प्रश्न वाचला आणि हात आपोआप चालायला लागला. या वेळी घरातलं उदाहरण घेतलं नाही, सरकारचंच घेतलं. ते उदाहरण तुला एकदा लिहून झालंय, परीक्षकाला कशाला?

माझ्या बाकाशेजारी एक नर्स होती, रात्रपाळी करून थेट आलेली. पेपर संपल्यावर म्हणाली, आजोबा, तुम्ही लिहिताना हसत होतात. मला काही आठवत नाही.

आत्यानं आजपासून माझी पुस्तकं टेबलावरून हलवायला काढली आहेत. मी म्हटलं, निकाल लागेपर्यंत काळजीवाहू सरकार असतं, मोठे निर्णय घेता येत नाहीत. तिनं ऐकलं नाही.

मार्क देणाऱ्या मुलीचा लोभ निकालानंतरही टिकावा.

बाबा


३ जून

चि. खारूस,

आशीर्वाद. मी कधी पत्र लिहीत नाही, तेव्हा हे पाहून तुला वाटेल घरात काही झालंय. सगळे धडधाकट आहेत. आधीच सांगते.

तुझ्या बापाला चौदा मेला विद्यापीठाची नोटीस आली. गैरप्रकार चौकशी समिती की काय ते. या शहाण्यानं पेपरात चौथ्या उत्तराच्या वर लिहून ठेवलंय की चि. खारूस, अ. आ., तुझा संमतीवरचा प्रश्न पोचला. तीन वर्षं तुला पत्रं लिहून लिहून हाताला वळण पडलेलं. लिहिल्याचं त्याला कळलंसुद्धा नाही. उत्तरपत्रिकेत ओळख पटेल असं काही लिहायचं नसतं म्हणे. त्यात तू त्याच विद्यापीठात शिकवतेस. त्यांना वाटतंय ही आतून ठरवलेली खूण आहे. पेपर रद्द होऊ शकतो.

मी नोटीस वाचून आधी हसले, मग कपाळाला हात लावला. आणि तुझा बाप मला काय म्हणाला असेल? खारूची दहा जूनला तोंडी परीक्षा आहे, ती होईपर्यंत तिला कळवायचं नाही.

मागच्या वेळी मी त्याचं ऐकलं आणि तोंडाला कुलूप लावून बसले. तुझ्या आईच्या खाटेशेजारी बसून ऐकलं. ते मला अजून टोचतं. या वेळी नाही ऐकणार. म्हणून लिहितेय.

तुझी तिथे ओळख असेलच. एक शब्द टाकलास तर काम होईल. बघ बाई.

तुझी आत्या


७ जून

ती. बाबांस,

सा. न. वि. वि. आत्याचं पत्र मिळालं.

काय लिहू? तुम्ही आठ दिवस घालवून मला समजावून सांगितलंत की असं करणं चूक का आहे. मी त्याला दहापैकी आठ दिले. आणि नोटीस आल्यावर तुम्ही हुबेहूब तेच केलंत. परीक्षा माझी, वडील माझे, आणि मला काय सोसेल ते पुन्हा तुम्हीच ठरवलंत. मी बत्तीस वर्षांची आहे. मला राग आला आहे आणि तो मी लपवणार नाही.

पत्र समजून लिहा असं मीच सांगितलं, म्हणजे चुकीत माझाही हात आहे. पेपरात मायना लिहू नका एवढं एक वाक्य मला सांगता आलं असतं. कुणी सज्ञान माणूस मायना लिहील असं डोक्यातच आलं नाही.

आत्याला सांगा, मी कुणाकडे शब्द टाकणार नाही. समितीच्या बाईंच्या खोलीवरून मी रोज जाते, तरी नाही. तुम्हालाही ते नको असेल, एवढं मी धरून चालते.

आता मला सगळं सांगा. काही गाळू नका.

खारू


१२ जून

चि. खारूस,

अ. आ. तोंडी परीक्षा पार पडल्याची तार आत्यानं मोठ्यांदा वाचून दाखवली. डॉक्टरीणबाई झालीस. तुझी आई असती तर तिनं तीनदा वाचायला लावली असती.

तुझं पत्र खरं आहे. चूक समजते आणि हात तेच करतो.

आता सगळं सांगतो. सुनावणी पंचवीस जूनला आहे. मी लेखी खुलासा दिला की ही आमची अभ्यासाची रीत आहे, एक्केचाळीस उत्तरं मी अशीच पत्रांतून लिहिली. त्यांचं कळवणं आलं की त्याच प्रश्नावरचं, परीक्षेआधीचं पत्र आणा. दुसऱ्या विषयावरचं चालणार नाही. मूळ पत्र पाहिजे, पाकिटावरच्या पोस्टाच्या शिक्क्यासकट. झेरॉक्स नको. समितीचे तिघे ते वाचणार, ते फाईलला लागणार आणि परत मिळणार नाही. ते दाखवलं तर माझा पेपर सुटेल, असं तिथला कारकून खाजगीत म्हणाला.

ते पत्र म्हणजे बावीस फेब्रुवारीचं. ते तुझ्याकडे आहे.

लिहिलं मी, पण पाठवलं तुला, तेव्हा ते तुझं. त्यातली गोष्ट तुझी आणि तुझ्या आईची आहे. म्हणून विचारतो, देशील का? नाही म्हणालीस तरी चालेल, असं लिहिणार होतो. ते खोटं झालं असतं. चालणार नाही, मला पदवी फार हवी आहे. पण तू म्हणशील तसंच करीन. पुन्हा विचारणार नाही, आणि आत्यालाही मध्ये घालणार नाही.

लोभाचा या उत्तराशी संबंध लावू नये.

बाबा


१७ जून

ती. बाबांस,

सा. न. वि. वि. माझं उत्तर नाही.

तीन दिवस मी हो म्हणायचा प्रयत्न केला. एकदा पत्र पाकिटात घालून पत्ता लिहिला, पोस्टापर्यंत गेले आणि परत आले. मी हो म्हटलं तर तुम्ही पदवीधर व्हाल. नाही म्हटलं तर एक वर्ष जाईल, आणि तुमच्या वयात वर्ष किती मोठं असतं ते मला कळतं. तरी नाही.

ते पत्र मी किती वेळा वाचलं हे तुम्हाला माहीत नाही. दहापैकी आठ लिहिलं कारण दुसरं काय लिहावं ते सुचेना. सहा वर्षांत तुमच्याकडून चुकलं हा शब्द मला त्या एकाच कागदावर मिळाला आहे. तिघा अनोळखी माणसांनी तो वाचून त्याला नंबर टाकावा आणि कपाटात कोंबावा, हे मला सहन होणार नाही. यात माझा स्वार्थ आहे. असू दे.

राग गेलेला नाही. पण बाबा, तुम्ही विचारलंत.

आता मी एक विचारते. सहा वर्षं विचारायचं धाडस झालं नाही, कारण कुठलंही उत्तर मला नको होतं. आईनं मला बोलावलं होतं का? खरं काय ते लिहा. परीक्षेसारखं दोन्ही बाजू मांडत बसू नका.

खारू


२८ जून

चि. खारूस,

अ. आ. पंचवीसला सुनावणी झाली. एक मोठी खोली, लांब टेबल आणि पंखा फक्त त्यांच्या डोक्यावर. दोन गृहस्थ आणि मधे अध्यक्षबाई. माझी उत्तरपत्रिका समोर उघडी होती आणि तुझ्या नावाखाली लाल रेघ.

मी सांगितलं की पत्र आहे, पण ते ज्या व्यक्तीला लिहिलं तिची दाखवायला संमती नाही, म्हणून आणलेलं नाही. एक गृहस्थ म्हणाले, मुलगीच ना, समजूत घाला. मी म्हटलं, घालता येईल. पाणी का आलं नाही म्हणून भांडायला आलेल्या माणसांची समजूत घालण्यात माझा जन्म गेला. पण नाही म्हटल्यावर समजूत घालायची असेल तर विचारलं कशाला? अध्यक्षबाईंनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. परिणाम काय होईल ते कळतंय का, असं विचारलं. मी हो म्हटलं. त्यांनी ते लिहून घेतलं आणि माझी सही घेतली.

राजकीय सिद्धांताचा पेपर रद्द झाला. संगनमत सिद्ध झालेलं नाही, तेव्हा पुढच्या एप्रिलला बसता येईल. तुझ्यावर काही ठपका नाही, तसं कागदावर लिहून दिलंय. आत्या दोन दिवस माझ्याशी बोलत नाही. शिंपी मात्र अजून प्रोफेसरच म्हणतो. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? घरी येताना दोनदा रस्ता चुकलो. पण तू नाही म्हणालीस आणि मी ते ऐकलं, याचं बरंही वाटलं.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर.

हो. दोनदा. पहिल्यांदा तिनं तुला बोलवा म्हटलं तेव्हा मी म्हणालो, पेपर होऊ दे. दुसऱ्यांदा तिनं हात धरून विचारलं की खारूला कळवलं का. मी म्हटलं, कळवलंय, निघालीय. मी कळवलं नव्हतं. ती दाराकडे तोंड करून झोपली. तशीच गेली.

तुझं वर्ष वाया जाऊ नये म्हणून केलं, असं मी सगळ्यांना सांगत आलो. तुलाही त्या पत्रात तसंच लिहिलं. ते पूर्ण खरं नव्हतं. तुला विचारलं असतं तर तू पेपर टाकून आली असतीस, हे मला पक्कं माहीत होतं. म्हणूनच विचारलं नाही.

हे वाचून तू लिहिणं थांबवलंस तर मी तुला दोष देणार नाही. पुढच्या एप्रिलसाठी प्रश्न लागतील, ते मी पुस्तकातून काढीन. तू पाठवलेस तर त्यांची उत्तरं देईन.

इतकी वर्षं प्रत्येक पत्राखाली लोभ असावा असं लिहीत आलो, तू तो ठेवशील असं धरून. या वेळी विचारतो आहे.

बाबा